दोन बादल्या नळाचं पाणी

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'चांदीवाले' म्हणते. ऐकणाऱ्याला वाटतं, घरात ताटं-वाट्या चांदीच्या असतील. कसलं काय! दवाखान्यात एक्स-रेची फिल्म ज्या फिक्सरमध्ये पक्की करतात, ते वापरून झालेलं पाणी हे पिंपं भरून आणतात आणि त्यातली चांदी काढतात. अठ्ठावीस वर्षं झाली. तो आंबूस वास ह्यांच्या कपड्यांतून जाता जात नाही, आणि मी धुऊन धुऊन थकलेय.

काम मागच्या शेडमध्ये चालतं. यंत्रात वीज सोडली की पत्र्यावर चांदीची करडी साय धरते. उरलंसुरलं बारीक लोखंडी तारेच्या गुंत्यातून गाळतात. तरी ते पाणी घातक कचराच. तपासणीत पास झाल्याशिवाय गटारात थेंब सोडायचा नाही, प्रत्येक पिंपावर तारीख घालायची, किती लिटर ते रोज वहीत लिहायचं. "लग्नाची तारीख विसरता, पिंपाची बरी लक्षात राहते!" मी म्हणायचे.

"पिंपावर लिहिलेली असते ना," हे म्हणायचे.

यंदा परवान्याची मुदत संपायला आली आणि नेमका तारेचा गुंता झिजला. नवा वेळेत आला नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी ह्यांनी शेवटच्या पिंपात कागदाची पट्टी बुडवली, ती काळपट झाली, म्हणजे पाण्यात अजून चांदी होती. "नापास होणार बहुतेक," एवढंच बोलून हे जेवायला बसले. परवाना गेला तर ह्या वयात करणार काय? दुसरं काही येत नाही ह्यांना, साधा चहासुद्धा उतू घालवतात.

सकाळी हे दवाखान्यात गेले आणि मी शेडची कडी काढली. भाजी खारट झाली की आपण काय करतो? तेच केलं. दोन बादल्या नळाचं पाणी त्या पिंपात ओतलं.

दुपारी तपासणीच्या बाई आल्या. नमुन्याच्या बाटलीला झाकण लावत होत्या, तेवढ्यात ह्यांनी वही उघडली, पिंपावरची लिटरची खूण पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार.

"बाई, हा नमुना नका घेऊ," हे म्हणाले. "सकाळपेक्षा तीस लिटर जास्त आहे. पाणी मिसळलंय."

"कोणी?"

"शेड माझी, जबाबदारी माझी."

"अहो, ह्यांना काय विचारता? मी ओतलं!" मी मध्येच ओरडले.

बाईंनी बाटली खाली ठेवली. "पाणी घालून चांदी कमी होते का, ताई? तेवढीच्या तेवढी गटारात जाते. नुसतं नापास झालं असतं, तर मी परत गाळा म्हणून पंधरा दिवस दिले असते. मिसळलेल्याला परवाना थांबवावाच लागतो."

चार महिने थांबला. दोन दवाखान्यांनी दुसरा माणूस धरला तो धरलाच. हे ओसरीवर बसून वर्तमानपत्रातली जाहिरातसुद्धा सोडायचे नाहीत, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. एकदाचे खेकसले असते तर मी सुटले असते!

परवाना मिळाला त्या दिवशी येताना हे एक कुलूप घेऊन आले. शेडला घातलं, ओढून पाहिलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"नियम आहे. बाहेरच्या माणसाने आत जायचं नाही," म्हणाले, आणि किल्ली खिशात टाकली.

एरवी मी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. त्या दिवशी मात्र घरात जाऊन चहा टाकला.