सोमवारचा चहा आणि सिनेमाचे टॅग

रिजेक्टचा माल कसा साचतो सांगू? रोज एक-दोन पीस कोपऱ्यातल्या लाल पेटीत पडतात, कोणाचं लक्ष नसतं आणि महिन्याने बघावं तर पेटी उचलायला दोन माणसं लागतात. आमच्या डिपार्टमेंटचे सिनेमाचे किस्से तसेच साचलेत. आज पेटी ओतते, निघेल ते निघेल.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे पार्ट आमच्यापुढे येतात, आम्ही ते मोजतो आणि टॅग लावतो. हिरवा म्हणजे ओके. पिवळा म्हणजे रिवर्क, दुरुस्त करून परत आणा. लाल म्हणजे रिजेक्ट. दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचाच पगार घ्यायचा! अशा माणसांनी रविवारी सिनेमा बघितला तर सोमवारी काय होणार? दहाच्या चहाला जो तो आपला सिनेमा सांगतो आणि त्याला टॅग लागतो. खरोखरचा टॅग, दोरीसकट. सिनेमाला लटकवता येत नाही म्हणून आम्ही तो चहाच्या ट्रेला बांधतो.

आम्ही चौघं. नाना म्हणजे भोसरी गावातले, सगळ्यात जुने इन्स्पेक्टर. बालाजी लातूरकडचा, भोसरीतच रूम करून राहतो. मी पिंपळे गुरवची. आणि चौथे टूलरूमचे सलीमभाई, दापोडीचे. मशीन बिघडलं की सलीमभाई स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मशीनला लावतात, दुसरं कानाला, डोळे मिटतात आणि सांगतात, बेअरिंग गेलं. उघडून बघितलं की बेअरिंगच गेलेलं असतं.

सलीमभाई सिनेमावर कधीच मत देत नाहीत. त्यांची मुलगी शबनम डिप्लोमा करून चांगल्या कंपनीत लागली होती. ती नोकरी सोडून मुंबईला गेली, सिनेमात साउंडचं काम करायला. तेव्हापासून दोन वर्षं बापलेकीचं बोलणं बंद. तरी सोमवारी दहाला सलीमभाई हजर. सगळ्यांचं ऐकून घेतात आणि शेवटी एकच विचारतात, "आवाज कसा होता?"

आम्ही आपलं "चांगला होता" म्हणतो. खरं तर आमचं लक्षच नसतं.

*

नानांनी आजवर एकाही सिनेमाला हिरवा टॅग दिलेला नाही. एकदा त्यांना गॅरेजवाल्या हिरोचा सिनेमा दाखवला, म्हटलं हा तरी आवडेल. हिरो घामाघूम, मागे वादळ, हिरोईन गाडीत बेशुद्ध, अख्खं थिएटर श्वास रोखून बसलेलं. हिरोने पान्याने शेवटचा नट आवळला, गाडी सुरू झाली आणि टाळ्या पडल्या. नाना उठूनच उभे राहिले.

"उलटा फिरवला त्यानं. चाक निखळाया पायजे व्हतं."

पुढचा तासभर ते चाक कधी निखळतंय याचीच वाट बघत बसले. शेवटी लग्न लागलं, वरात त्याच गाडीतून निघाली, तरी नानांना चैन नाही. लाल टॅग. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "सेफ्टी".

*

बालाजीचं उलट. त्याला सगळंच आवडतं. तो सिनेमा बघतो कंपनीच्या बसमध्ये, मोबाइलवर. भोसरीत सुरू करायचा, मोशीला गाणं, आणि चाकणच्या चौकात ट्रॅफिक लागलं की क्लायमॅक्स. ट्रॅफिक नसेल त्या दिवशी सिनेमा अर्धवट राहतो म्हणून त्याचं तोंड उतरलेलं असतं. ट्रॅफिक नाही म्हणून वाईट वाटणारा अख्ख्या पट्ट्यात हा एकच माणूस असेल.

एकदा त्याने एका सिनेमाचं इतकं कौतुक केलं, इतकं केलं की बास. हिरो घराच्या दारात येतो, कडी वाजवतो आणि सिनेमा संपतो! दार कोण उघडणार, आई की पोलीस, काही सांगत नाहीत. "लई खोल हाय बगा ताई," म्हणाला, "आपुन इच्यार करायचा." आठवडाभर विचार केला पठ्ठ्याने. जेवताना विचार, पार्टला गेज लावून मोजताना विचार. मला बाजूला घेऊन सांगितलं की ते दार म्हणजे माणसाचं मन आहे.

शनिवारी परतीच्या बसमध्ये त्याचा मोबाइल मी हातात घेतला. सिनेमा अर्धाच डाउनलोड झाला होता.

उरलेला बघितल्यावर बिचारा फार नाराज झाला. दार हिरोच्या मेव्हण्याने उघडलं होतं.

*

आता माझ्या घरचंही सांगते, नाहीतर म्हणाल स्वतःचं लपवते. मी आणि सासूबाई रोज एकच सिरियल बघतो. त्यात एक सासू आहे, ती सुनेला छळ छळ छळते. दागिने लपवते, भाजीत मीठ टाकते, मुलाचे कान भरते. आम्ही दोघी एकाच सोफ्यावर बसून डोळे पुसतो. मला वाटायचं, चला, सासूबाईंना सुनांचं दुःख कळायला लागलं. मी खूश!

एक दिवस त्या सुनेला घराबाहेर काढलं. सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "किती सहन करायचं गं त्या बाईनं. एवढे कष्ट घेतले तेव्हा कुठे एकदाची गेली ती सून."

सोमवारी हे सांगितलं तर नानांनी लाल टॅग सिरियलला न लावता मला दिला आणि घरी जपून ऱ्हा म्हणाले.

*

मग ते ऑडिटचं प्रकरण झालं. कस्टमरचा ऑडिटर आला होता, कपाळावर कायम आठी असलेला. कपाट उघडलं तर आतून एक लाल टॅग खाली पडला. पार्टचं नाव, सेकंड हाफ. दोष, ढिला. खाली नानांची सही आणि शिक्का.

ऑडिटरने विचारलं, हा पार्ट कुठल्या मॉडेलचा? बालाजी तर जमिनीत जायच्या बेतात. ऑडिटर म्हणाला, रिजेक्ट माल दाखवा, कुठे ठेवलाय? तेवढ्यात सलीमभाई शांतपणे म्हणाले, "स्क्रॅप केला साहेब." ऑडिटरने लिहून घेतलं की सेकंड हाफचं रेकॉर्ड उपलब्ध नाही, कारण शोधून आठ दिवसांत कळवावे.

कारण शोधायची आमच्याकडे पद्धत आहे. पाच वेळा "का" विचारायचं. नानांनी इमानदारीत फॉर्म भरला. सेकंड हाफ ढिला का? हिरो परदेशी गेला. का गेला? गाणं तिथं होतं. गाणं तिथं का? पहिल्या हाफात बसलं नाही. का बसलं नाही? हिरोचा भाऊ मरायला फार वेळ लागला. का लागला? डायलॉग संपत नव्हते.

मॅनेजरसाहेबांनी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. आम्ही समोर उभे, आता मेमो मिळणार म्हणून. त्यांनी सिनेमाचं नाव विचारलं. नानांनी सांगितलं. साहेब म्हणाले, "मी पण बघितला. बरोबर आहे."

पण त्या दिवसापासून टॅगवर नंबर छापून यायला लागले. एक टॅग इकडचा तिकडे झाला तर लेखी उत्तर. सिनेमाला टॅग लावणं बंद झालं, नुसतं तोंडी मत राहिलं. चहाची मजा अर्धी गेली, खोटं कशाला बोलू.

*

आणि मग एका सोमवारी बालाजी धापा टाकत आला. हातातल्या पेपरात नव्या मराठी सिनेमाची जाहिरात, तिच्यात बारीक अक्षरात साउंडखाली शबनमचं नाव होतं. सलीमभाईंनी नाव बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं आणि टूलरूममध्ये निघून गेले. रविवारी सगळ्यांनी जायचं ठरलं तर म्हणाले, घरी काम आहे.

रविवारी दुपारी नानांनी दापोडीत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली आणि हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. गल्ली बाहेर आली, शेवटी सलीमभाईही आले. इस्त्रीचा शर्ट घालूनच आले, म्हणजे काम काय होतं ते आम्हाला कळलं.

चिंचवडच्या थिएटरात सलीमभाई बसले आणि त्यांनी डोळे मिटले. बालाजीला वाटलं झोपले. मला माहीत होतं, ते मशीन ऐकताना असेच बसतात. इंटर्व्हल झालं, पॉपकॉर्न आलं, डोळे मिटलेलेच. सेकंड हाफमध्ये हिरोचा बाप सकाळी जुनी स्कूटर सुरू करतो. दोन किक वाया गेल्या, तिसरीला स्कूटर खोकली, अडखळली आणि धरली.

सलीमभाईंनी डोळे उघडले. पडद्यावर निळी, कुठलीतरी वेगळीच स्कूटर होती.

"ही माझी गाडी आहे," ते म्हणाले. "पोरीला शाळेत सोडायचो. हिचा आवाज तिनं कधी घेतला?"

सिनेमा संपल्यावर झाडणारे आले तरी नानांनी कोणाला उठू दिलं नाही, शबनमचं नाव वर जाईपर्यंत.

सोमवारी दहाला चहा आला. आम्ही तिघांनी सलीमभाईंकडे बघितलं. ते म्हणाले, "आवाज बरा होता." मी विचारलं, शबनमला फोन केला का? म्हणाले, त्यात काय कळवायचं, आणि कप उचलला.

नाना उठले. कपाटातून पिवळा टॅग काढला. नंबरचा, ज्याचं लेखी उत्तर द्यावं लागतं तो. पार्टचं नाव, सलीम. दोष, तोंडातून आवाज येत न्हाई. रिवर्क, पोरीला फोन. खाली सही केली, शिक्का मारला आणि टॅग सलीमभाईंच्या शर्टाच्या बटणाला बांधला.

"टॅग निघाल्याशिवाय ह्यो माल गेटबाहेर जाणार न्हाई," नाना म्हणाले.

आमच्याकडे मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. सलीमभाई टॅग तसाच लटकवून मशीनांचा सगळा शॉप फ्लोअर ओलांडून गेटकडे गेले. जेवणाच्या सुट्टीनंतर परत आले. डोळे लाल होते, टॅग हातात होता. त्यांनी तो नानांसमोर ठेवला. रिवर्क कोणी केलं, त्या रकान्यात लिहिलं होतं, शबनम.

नानांनी चष्मा चढवला. सलीमभाईंना डोक्यापासून बुटापर्यंत बघितलं, एक गिरकी घ्यायला लावली, पाठीमागूनही बघितलं. मग कपाटातून हिरवा टॅग काढला.