दादाचा होकार

आमच्या कारखान्यात कवळ्या बनतात. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, त्यावर मेणाची हिरडी चढते, मेणात एकेक दात बसतो, मग मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी येते आणि शेवटी सगळं माझ्याकडे पॉलिशला. मेणात दात बसवणारी माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिला सगळे मेणबाई म्हणत. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही, बोलणं मोजकं. समोरचा एक दात ती मुद्दाम केसभर तिरका लावायची. "सगळे सरळ लावले ना, की माणूस खरं हसला तरी खोटा वाटतो," म्हणायची.

ही बाई घरी चित्रकथा काढते हे मला दोन वर्षं शेजारी बसूनही माहीत नव्हतं. एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या भाचीनं पाठवलेलं एक चित्र मी तिला दाखवलं. बोटाएवढी एक मुलगी, मोठ्या होडीच्या टोकावर पाय सोडून बसलेली. मेणबाई लाजली. "चिमटी," म्हणाली. "आमचीच आहे."

'आमची' म्हणजे तिची आणि तिच्या दादाची. चिमटीची आई नदीच्या पलीकडे गेली आहे, आणि एका म्हाताऱ्या नावाड्याबरोबर चिमटी तिला शोधायला निघाली आहे. एवढीच गोष्ट. इंटरनेटवर दर मंगळवारी एक पान, फुकट, जाहिरातसुद्धा नाही. अकरा वर्षं झाली, नदी संपली नव्हती. दादा एका सरकारी कार्यालयात लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायचा. दर रविवारी मेणबाई त्याच्याकडे जायची आणि तो तिला पुढचं एक पान तोंडी सांगायचा. कागदावर काही नाही, सगळं त्याच्या डोक्यात. ती विचारायची, "दादा, आई भेटणार का रे?" तो म्हणायचा, "शेवट माझ्याकडे आहे. तू घाई करू नकोस, नाहीतर हात घाई करेल."

मग एके दिवशी दादा कार्यालयाच्या जिन्यात कोसळला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. म्हणजे अगदी गेली असं नाही. एक शब्द उरला. "बरं."

पाणी देऊ? बरं. दुखतंय? बरं. मी कोण, ओळखलंस? बरं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो. त्याला आतून काय म्हणायचंय आणि बाहेर काय येतंय, याचा एकमेकांशी संबंध नाही.

वहिनीला बाहेर बोभाटा नको होता. म्हणून मेणबाईनं चिमटीच्या पानावर एवढंच लिहिलं, की घरच्या अडचणीमुळे काही दिवस पान येणार नाही. पहिले तीन आठवडे लोक गोड बोलले. काळजी घ्या, आम्ही थांबतो. चौथ्या आठवड्यापासून सूर बदलला. ती जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायची, फोन उघडायची, आणि डबा तसाच मिटायची.

एकदा मी फोन तिच्या हातातून घेतला आणि वाचलं. 'मंगळवार म्हणजे मंगळवार. शब्द पाळता येत नसेल तर द्यायचा कशाला?' 'फुकट आहे म्हणून काहीही चालवून घ्यायचं का?' 'अडचणी सगळ्यांनाच असतात.' एकानं तर लिहिलं होतं, 'अकरा वर्षं वाचतोय आम्ही. आमच्यामुळे तुम्ही आहात, विसरू नका.'

आमचे मालक मागून वाचत होते. म्हणाले, "धर्माची गाय, आणि दात का नाय! तेही दातांच्याच कारखान्यात येऊन विचारतायत." सगळे हसले. मेणबाईसुद्धा हसली, पण तिच्या हातातला दात खाली पडला आणि तो शोधायला ती टेबलाखाली गेली ती बराच वेळ वर आली नाही.

शेवटी वहिनीला विचारून तिनं खरं काय ते लिहिलं. तिला वाटलं, आता तरी लोक गप्प बसतील. बसले, आठ दिवस. मग सल्ले सुरू झाले. बोलता येत नाही, पण डाव्या हातानं लिहिता येत असेल ना? मान हलवता येते का? पर्याय लिहून समोर धरा, बोट ठेवतील.

यातलं सगळ्यात वाईट काय असेल, तर तिनं ते ऐकलं. तिलाही शेवट हवाच होता. तिनं तीन पुठ्ठे कापले आणि तीन चित्रं काढली. एकात चिमटीला आई भेटते. दुसऱ्यात पलीकडचा काठ रिकामा असतो. तिसऱ्यात नावाडी होडी परत वळवतो. रविवारी ती दादाच्या पलंगाशी बसली आणि एकेक चित्र त्याच्यापुढे धरू लागली.

"दादा, हे?"

"बरं."

"की हे?"

"बरं."

"नीट बघ ना रे. हे, की हे?"

"बरं. बरं."

तासभर चाललं. त्याच्या कपाळावर घाम आला, लुळ्या ओठातून लाळ गळायला लागली. तरी ती थांबेना. शेवटी वहिनीनं येऊन पुठ्ठे ओढून घेतले.

"ताई, बास करा! त्याला घोटभर पाणी गिळायला कष्ट पडतात आणि तुम्ही परीक्षा घेताय? तुमच्यात आणि त्या फोनवरच्या लोकांत फरक काय राहिला?"

हे मला मेणबाईनंच सांगितलं. "ती बरोबर बोलली गं," म्हणाली. "मला लाज वाटली. पण लाज वाटत होती तेव्हासुद्धा मी पुठ्ठ्यांकडेच बघत होते."

मग तो चष्मेवाला आला. वाचकांचा एक मोठा गट होता, त्याचा हा म्होरक्या. तिशीतला, इस्त्रीचे कपडे, हातात फळांची पिशवी. पूर्वी कधीतरी दादानं काही वाचकांना चिमटीची चित्रं टपालानं पाठवली होती, पाकिटामागे पत्ता होता. मेणबाई कारखान्यात असताना तो दारात उभा राहिला. वहिनीला वाटलं कार्यालयातलं कोणी असेल. तिनं घरात घेतलं, बसवलं, आणि पाणी आणायला आत गेली.

तेवढ्यात त्यानं फोन उभा केला, दादाच्या पायांना हात लावला आणि विचारलं, "सर, तुमची गोष्ट अर्धी राहू नये अशी आमची सगळ्यांची इच्छा आहे. मी पूर्ण करू का?"

दादा म्हणाला, "बरं."

संध्याकाळच्या आत ती चित्रफीत सगळीकडे फिरली. वर लिहिलं होतं, लेखकाचा होकार. पुढच्या मंगळवारी त्यानं कोणाकडून तरी काढून घेतलेलं पान टाकलं. चिमटी होडीतून उडी मारते, पोहत काठाला लागते आणि आईच्या कुशीत शिरते. अकरा वर्षांची नदी, चार चौकटींत संपली.

मेणबाईनं लिहिलं, की हा होकार नाही. त्याला दुसरा शब्दच येत नाही. माझ्या भावाच्या आजाराचा असा वापर करू नका. त्यावर आलेली उत्तरं मी पाहिली. 'लेखक ते आहेत, तुम्ही फक्त चित्रं काढता.' 'भावानं परवानगी दिली तर बहिणीच्या पोटात का दुखतंय?' 'निदान त्यांनी शेवट तरी दिला.' तिच्या बाजूनं बोलणारेही होते, नाही असं नाही, पण ते हळू बोलत होते.

'फक्त चित्रं.' हे दोन शब्द तिनं गिळले ते पचलेच नाहीत. त्या आठवड्यात तिनं बसवलेले दात मालकांनी पहिल्यांदा परत पाठवले. सगळे एका ओळीत, पट्टी लावल्यासारखे सरळ होते.

त्याच रविवारी वहिनीची बहीण घरी आली होती. तिला काही माहीत नव्हतं. "अगं, भावजी किती छान दिसतायत यात," म्हणत तिनं ती चित्रफीत दादासमोरच लावली. दादानं स्वतःला पाहिलं. तो प्रश्न ऐकला, स्वतःचं उत्तर ऐकलं. मग तिनं बोट सरकवलं आणि चिमटीचं ते पोहणं आलं. त्यानं डाव्या हातानं फोन असा भिरकावला की तो कपाटावर आपटला. आणि दादा ओरडायला लागला, "बरं! बरं! बरं!" तोंड लाल, डोळ्यांतून पाणी. तिघी बायकांना तो आवरेना.

"तेव्हा मला एवढं कळलं, की हा शेवट नव्हता," मेणबाई म्हणाली. "कुठला होता ते नाही कळलं. आता कळणारही नाही."

तिनं घरी जाऊन इंटरनेटवरची सगळी पानं काढून टाकली, पाचशेच्या वर. मूळ कागद पोत्यात भरले आणि रद्दीवाल्याला दिले. मी चिडले. "एवढं कशाला? बंद करायचं होतं, पुसायचं कशाला?" तर म्हणाली, "राहिलं असतं तर त्यांचंच राहिलं असतं. माझं काय होतं त्यात?" लोकांनी शिव्या दिल्या. आमचं बालपण चोरलंस, असं एकानं लिहिलं. म्हणे आता त्या चष्मेवाल्याचंच पान लोक वाचतात, तो पुढची गोष्टही रचतोय.

साडेसात महिन्यांनी दादाला दुसरा शब्द आला. वाचा शिकवायला एक बाई घरी येत असत, त्यांच्यासमोर तो स्पष्ट म्हणाला, "खिडकी." वहिनी रडली, शेजाऱ्यांना बोलावून आणलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, दार उघडलंय, आता आणखी येतील.

मेणबाईनं मला हे सांगितलं तेव्हा एकच दात ती मेणात बसवायची आणि परत काढायची. मला वाटलं आनंदानं. "तो बोलायला लागला," ती म्हणाली, "की पहिलं काय विचारेल सांग."

"चहा मागेल," मी म्हटलं.

ती हसली नाही. "सख्खा भाऊ बरा होतोय आणि मला भीती वाटतेय. कसली बहीण आहे मी?"

पुढच्या रविवारी तिनं त्याला सांगून टाकलं. पलंगाशी बसून, त्याचा डावा हात धरून. दादा, मी सगळं पुसलं. कागदसुद्धा नाहीत. मला सहन झालं नाही. त्यानं मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाला, "खिडकी."

तिनं उठून खिडकी उघडली. तो परत म्हणाला, "खिडकी." तिनं लावली. "खिडकी." तिनं पडदा सरकवला, बाहेर वाकून पाहिलं, त्याला उशीवर वर उचलून बाहेरचं दाखवलं. चारदा उघडली, चारदा लावली. त्याला काय हवं होतं ते तिला कळलं नाही. शेवटी तो दमून झोपला, आणि ती खिडकीच्या कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिली, वहिनी येईपर्यंत.