भेरल्या माडातली हवा

घरात मॅट्रिकपर्यंत गणित केलेली मी एकटी, म्हणून ती आफत माझ्या गळ्यात पडली. कॅसलरॉक स्टेशनात नोकरीला असलेल्या आमच्या ह्यांनी कुठूनसा एक मोठा स्पीकर आणला होता. भेरला माड म्हणजे ताडासारखं रानटी झाड; त्याचं पोकळ खोड कापून, दोन्ही तोंडांना फळ्या लावून, त्यासाठी पेटी करायला घेतली होती. सगळा खटाटोप मामंजींसाठी. जन्मभर भजनाला मृदंग वाजवलेल्या माझ्या सासऱ्यांना आता ऐकू येईनासं झालं होतं. मृदंग भिंतीला टांगल्यापासून ते आपणहून कुणाशी बोलत नसत. खालचा, घुमणारा आवाज तरी त्यांच्यापर्यंत पोचेल अशी ह्यांना आशा होती, आणि मला तर ह्यांच्याहून जास्त.

ह्यांच्या मित्राने बजावलं होतं की पेटीत हवा कमी पडली तर खालचा सूर कोंडतो. किती हवी तो आकडाही त्याने दिला होता. मी त्रिज्येचा वर्ग, बावीस सप्तमांश, उंची असं सगळं मांडलं. पण खोड कुठे धड गोल होतं? या टोकाला एक रुंदी, त्या टोकाला दुसरी. सरासरी काढली तेव्हा कुठे आकडा जुळला. खात्री करावी म्हणून खोडात कणगीतलं, न सडलेलं भात काठोकाठ भरलं आणि मामंजींना खुणेने सांगितलं, मापाने मोजून काढा. भरलं हिशेबापेक्षा एका मापाने कमी. पुन्हा भरलं, पुन्हा तेवढंच कमी. स्पीकरमागच्या लोहचुंबकाची जागा वजा करून पाहिली, तर आणखीच घोळ झाला. माझं डोकं पार भंजाळलं. शेवटी ह्यांनी वैतागून, आत न बघताच झाकण ठोकून टाकलं.

रेडिओ लावला, त्यावर भजन चाललं होतं. पेटीतून मृदंग घुमला आणि त्याच्याबरोबर सळसळही आली. मी मामंजींकडे बघून पेटीकडे बोट केलं, आत काय राहिलंय असं खुणेने विचारलं.

"भाताचं भांडं पार रिकामं करायचं न्हाई, बाय," ते म्हणाले. "थोडं ठेवलंय तळाला."

म्हणजे माझं गणित बरोबर होतं, आणि तरीही हवा कमीच होती. खिळे उपटायला ह्यांनी हातोडी घेतली, तेवढ्यात मामंजींनी पेटीवर तळहात टेकला. हळूहळू त्यांची बोटं हलू लागली. मग कपाळाला आठी पडली.

"ह्यो वाजवणारा लय घाई करतोय."

झाकण आम्ही तसंच राहू दिलं. रेडिओवरचा वादक खरंच घाई करत होता, की मामंजींच्या हाताला आतले दाणेच लागत होते, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा विचारायला सवडही नव्हती. त्यांनी मला भिंतीवरचा मृदंग काढायला सांगितलं होतं.