रेडियम मास्तरांचं यंत्र खोटं नव्हतं

माझा नवरा वेडा नव्हता. हट्टी होता. ह्यातला फरक आज सगळ्यांनी नीट समजून घ्या.

टायपिंग नातीचं आहे, राग माझा आहे.

आज ह्यांची पुण्यतिथी. सकाळीच पुतण्याने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आमचे रेडियम मास्तर, शोधायला गेले आणि हात हलवत आले." त्यावर सगळ्यांचे हसरे चेहरे.

बास झालं आता.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. माझं नवीन लग्न. हे सांगलीला कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर, घर इस्लामपूरजवळ उसाच्या रानात. ह्यांना नाद एकच, रेडिएशन मोजायचं. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो ह्यांना भाकरी वाढताना.

यंत्र म्हणजे काय, तर काचेची बरणी आणि आत सोन्याच्या वर्खाचं पान. विजेचा भार दिला की पान उचलायचं. जवळ रेडियमसारखं काही असलं की भराभर खाली यायचं. किती वेळात येतं, ते घड्याळ लावून मोजायचं.

कॉलेजात भिंतीवर घड्याळ होतं. गावाकडं कुठलं?

थोरले भाऊजी, म्हणजे ह्यांचे दादा, बर्माच्या आघाडीवरून आलेले. त्यांनी मनगटावरचं मिलिटरीचं घड्याळ काढून ह्यांच्या हातात ठेवलं.

"घे रं. अंधारात बी दिसतंय. रेडियम हाय म्हणं त्यात."

ऐकलंत? रेडियम हाय म्हणाले! अख्ख्या घरानं ऐकलं, आणि जो माणूस रेडियम शोधत फिरत होता त्यानं घड्याळ कपाळाला लावलं. थोरल्यानं दिलेली वस्तू कपाळाला लावायची, तपासायची नाही. आमच्याकडे तशीच रीत.

मग काय विचारता. घड्याळ बरणीला टेकवून ठेवायचं आणि मोजायचं. आमच्या रानातली माती, पान खाली. वाईहून कृष्णेची वाळू आणली, पान खाली. कवठे महांकाळचा मुरूम, तेच. रिकाम्या बरणीचं माप कॉलेजात, भिंतीवरच्या घड्याळावर घेतलेलं, तेच धरून चाललेले.

पुण्याचे एक प्रोफेसर म्हणाले, "मी येऊन बघतो. खरं निघालं तर माझ्याकडे रिसर्चला या." हे हवेत. भाऊजींनी तर चावडीवर सांगून टाकलं, "आमच्या मातीत रेडियम घावलंय!"

प्रोफेसर यायच्या आधी भाऊजी एका लग्नाला निघाले आणि घड्याळ तेवढ्यापुरतं मागून घेतलं. हे शाळेतलं टेबलावरचं घड्याळ आणून मोजायला बसले.

पान खाली येईना.

माती तीच, बरणी तीच. हे घामाघूम. संध्याकाळी भाऊजी परतले, शेजारी बसले, बरणीवर हात टेकवून म्हणाले, "काय म्हणतंय तुझं पान?"

पान खाली.

ह्यांनी त्या मनगटाकडे बघितलं.

"का रं, असा काय बघतोस?"

"काय न्हाई, दादा."

मला दुसऱ्या दिवशी सांगलीला जाताना सर्व्हिस मोटारीत सांगितलं. मी म्हटलं, "आवं, मग सांगा की भाऊजींना!"

"मनगटावरचं काढून दिलं त्यानं. तुझ्या घड्याळानं घात केला, असं सांगू त्याला?"

"आन् प्रोफेसरांना?"

"मोजण्यात माझी चूक झाली, म्हणून सांगणार. खोटं कुठं हाय त्यात? आन् तू कुणाला बोलायचं न्हाई. माझ्या गळ्याची शपथ."

गेलं रिसर्च. हे हायस्कुलात मास्तर झाले. गावानं रेडियम मास्तर नाव ठेवलं. सगळ्यात जास्त चेष्टा कुणी केली असेल? भाऊजींनी! "आमच्या गड्यानं सोनं लावून माती मोजली," म्हणून हसायचे. आणि हेही हसायचे! मी आत भांडी आपटायची.

घड्याळ मग भाऊजींच्याच मनगटावर राहिलं. वर काळजी दादाचीच. "दादा, झोपताना घड्याळ काढून लांब ठेवत जा."

"का रं?"

"पट्ट्यानं घाम येतोय."

काय बोलायचं अशा माणसाला?

पुढे कैक वर्षांनी भाऊजी गेले. ह्याच पुतण्याने ते घड्याळ ह्यांना आणून दिलं. बंद पडलेलं, आकड्यांची चमकही गेलेली. ह्यांनी माळ्यावरची बरणी काढली, नवा वर्ख लावला, घड्याळ शेजारी ठेवलं.

पान भराभर खाली आलं.

मी म्हटलं, "बघा, ह्यानंच वाटोळं केलं तुमचं."

हे म्हणाले, "अगं, दादा हाय अजून."

आणि घड्याळ पुन्हा कपाळाला लावलं. मला इतका राग आला, आणि इतकं रडू आलं.

तर पुतण्या, फोटो राहू दे, खालची ओळ काढ. काकांचं यंत्र बरोबर होतं. घड्याळ तुझ्या वडिलांचं होतं.

आवं, शपथ मोडली मी. रागवायचं तर रागवा. मी येतेच आहे भांडायला.

तोवर नमस्कार करते.