वेर्नरच्या ट्रकमधला उजेड

आर्डिस कांगासला त्या पिवळ्या टॉर्चचा मनापासून राग होता. नोव्हेंबर लागला, पाच वाजताच काळोख पडायला लागला, की तो टॉर्च तिच्या मांडीवर यायचा आणि मार्चपर्यंत हलायचा नाही. नवरा वेर्नर ट्रक चालवणार आणि मधूनमधून विचारणार, "किती?" की हिनं टॉर्च पेटवायचा, मान वाकडी करून डॅशबोर्डात डोकं घालायचं आणि स्पीड सांगायचा. "पंचेचाळीस मैल." जरा वेळानं पुन्हा "किती?" चर्चला जाताना किती, किराण्याला जाताना किती, बहिणीकडे जाताना किती. आपण लग्न करून बायको झालो की स्पीडोमीटर, हेच तिला कळेनासं झालं होतं.

ट्रक तसा धट्टाकट्टा. त्यांची मुलगी त्यातच गाडी शिकली, लग्न करून मिनियापोलिसला गेली, तिची मुलं शाळेत जायला लागली, तरी हा आपला दारात उभा. सुपीरियर सरोवराच्या या बाजूला हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठानं दरवाज्यांच्या कडा खाल्ल्या होत्या, पण इंजिन एका झटक्यात सुरू व्हायचं. डॅशबोर्डातल्या काट्यांमागचे दिवे तेवढे एकेक करून गेले होते. उरलेले दोन असे मिणमिणते की ते पेटलेत की नाही हे बघायलाही टॉर्च लागावा.

"वेर्नर, ते दिवे बदल."

"बदलतो ना."

कधी? तर हरणांची शिकार संपली की. शिकार संपली की गॅरेजमध्ये बोटं गोठतात. थंडी सरली की दिवस मोठे होतात, मग दिव्यांची गरजच कोणाला? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! फार मागे लागलं की त्याचं ठरलेलं उत्तर तयार असायचं.

"अगं बाई, आत उजेड वाढला की बाहेरची हरणं दिसत नाहीत. इथला प्रत्येक माणूस काट्यांचे दिवे मंद करूनच चालवतो."

"मंद वेगळं आणि मेलेलं वेगळं!" आर्डिस म्हणायची. तो टोपी कानांवर ओढायचा, की संपलं बोलणं. कांगासांच्या घराण्यात पुरुष बोलत नाहीत, टोपी ओढतात.

यंदा मात्र कहर झाला. गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका मिळून विक्रीसाठी पेस्ट्या भरतात, मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्याच म्हणा. आर्डिसनं शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेला. तिच्यावाचून तिथलं पीठ मळलं जात नाही. त्या गुरुवारी परत येताना पोलिसानं गाडी थांबवली. कोवळा पोरगा. वाकून आत बघतो तर म्हातारीच्या हातात पेटलेला टॉर्च.

"मॅडम, हे काय करताय?"

"स्पीड वाचतेय," आर्डिस म्हणाली. दुसरं काय सांगणार, कपाळ?

पोरगा आधी हसला, मग गंभीर झाला. "या वेळी सोडतो. पुन्हा दिसलात तर लायसनवर गदा येईल, मिस्टर कांगास."

घरी येईपर्यंत ती एकच हिशेब करत होती. या रस्त्यावर बस नाही, काही नाही. तिची छोटी गाडी मागच्या हिवाळ्यात मोडीत गेलेली, आणि ट्रकच्या स्टिअरिंगला वेर्नर कोणाला हात लावू देईल तर शपथ. त्याचं लायसन गेलं की दोघांनी बर्फात दार लावून एकमेकांची तोंडं बघत बसायचं. आणि हा बाबा आत येऊन शांतपणे कॉफी ओततोय!

"तू नाही बदलत ना? मी बदलते," ती म्हणाली.

"तुला जमायचं नाही."

बस्स. आता तर बदलणारच.

शनिवारी सकाळीच ती पार्ट्सच्या दुकानातून एलईडीचे दिवे घेऊन आली, शेजारणीच्या गाडीतून, मुद्दाम. गॅरेजमध्ये हीटर लावला, डॅशबोर्डची चौकट सोडवली, आणि काट्यांचा अख्खा डबा पुढे ओढून मागचे दिवे एकेक फिरवून काढले. काचा काजळून काळ्या पडलेल्या. त्यांवर हिरव्या प्लास्टिकच्या टोप्या होत्या, त्या हात लावताच चुरा झाल्या. वेर्नर स्टुलावर बसून विघ्नं मोजत होता.

"वायर तुटेल."

"तुटू दे."

"तो स्क्रू कुठला होता, आठवतंय का?"

"तुझ्या डोक्यातला आहे. ढिला झालेला."

नवे दिवे घातले तर अर्धेच पेटले. तिचा जीव मेटाकुटीला आला. मग लक्षात आलं, हे नवे दिवे उलटे बसले तर पेटत नाहीत. पुन्हा डबा बाहेर, पुन्हा न पेटलेला एकेक दिवा उलटा. पाठीचा काटा ढिला झाला, पण शेवटी किल्ली फिरवली आणि सगळी तबकडी लख्ख पांढरी उजळली. पेट्रोलचा काटा, तेलाचा काटा, स्पीडचा एकेक आकडा! आर्डिसनं टाळीच वाजवली. आणि वेर्नर? त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"कौतुकाचा एक शब्द बोललास तर जीभ झडेल का रे?"

"छान आहे," तो म्हणाला आणि टोपी ओढली.

तिन्हीसांजेला ती त्याला ओढूनच बाहेर घेऊन निघाली. टॉर्च तिनं मुद्दाम पायाशी टाकला. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना बर्फ. ती आपल्या सीटवरून आरामात आकडे वाचत होती, स्वतःवरच खूश होऊन.

"किती?" वेर्नर म्हणाला.

"चेष्टा पुरे. बघ की आता!"

त्यानं टोपी कानांवर ओढली.

"वेर्नर, किती आहे? सांग बघू."

त्यानं मान खाली केली, डोळे बारीक केले, बटण फिरवून उजेड आणखी वाढवला. "चाळीस," तो म्हणाला.

काटा साठवर होता.

"गाडी बाजूला घे," ती म्हणाली. त्यानं घेतली. इंजिन चालू, समोर तो पांढरा लख्ख उजेड, आणि त्यात त्याचं तोंड.

"कधीपासून?"

"मागच्या शिकारीच्या आधीपासून," तो म्हणाला. "सगळं धुकट. दिवे मेले होते तोवर बरं होतं, आर्डिस. निदान ट्रकवर ढकलता येत होतं."

नाचता येईना अंगण वाकडं! आणि हिनं हौसेनं, पाठ मोडून, ते अंगण सरळ करून दिलं होतं. तिला त्याचा इतका संताप आला की टॉर्च उचलून त्याच्या डोक्यात घालावा. आणि पोरासारखं रडूही आलं. या आंधळ्याच्या शेजारी ती वर्षभर बसली होती, हरणांच्या रस्त्यावर, स्पीड सांगत.

"उतर," ती म्हणाली.

तो निमूट उतरला, बर्फातून फिरून तिच्या जागेवर येऊन बसला. ती स्टिअरिंगमागे जाऊन बसली, पण सीट पुढे सरकेना. गंजली होती, त्याच्या पायांच्या मापाची होऊन. तिनं त्याचा कोट मागितला, घडी घालून पाठीमागे ठेवला आणि गाडी रस्त्यावर घेतली.

वेर्नरनं पायाशी चाचपून टॉर्च उचलला आणि मांडीवर धरून बसला.

"किती?" त्यानं हळूच विचारलं.

"पस्तीस!" ती खेकसली. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता. "आणि सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी नेणार आहे. टोपी ओढशील तर याद राख."