उन्हाळी बाही

इंग्रजी कोटाला दोन बाह्या असतात आणि त्या कोटाला जोडलेल्या असतात, एवढं ज्ञान मला लग्नाआधी होतं. माझ्या सासऱ्यांना नव्हतं. (म्हणजे असावं; पण ते वकील होते.)

तेव्हा निजामाचं राज्य होतं. गेवराईत आमचं कापडाचं दुकान. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो, आणि गावही आप्पाच म्हणायचं. मी थोरला. दिवसभर गिऱ्हाइकापुढे लुगड्यांच्या घड्या मोडायच्या आणि गिऱ्हाईक गेलं की पुन्हा घालायच्या, एवढंच माझं कर्तृत्व. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना लिंबागणेशच्या जत्रेत मी एक मुलगी पाहिली. ती बांगड्यांवरून कासाराशी अशी भांडत होती की शेवटी कासारानंच हात जोडले. त्या दिवसापासून माझी भूकच गेली! चौकशी केली तर आमच्याच समाजातली निघाली. बीडच्या एका वकिलाची पार्वती. मी देवाचे आभार मानतोय तोवर वकीलसाहेबांचा निरोप आला : "मुलगा सुटाबुटात आणा. जावई जंटलमन पाहिजे. हैदराबादचं एक स्थळ आलेलंच आहे."

"सुटाबुटात कावून?" आप्पा कडाडले. "पोरगी काय सुटासंगं नांदनार हाय?"

मी भरल्या ताटावरून उठलो. आईनं आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी छताकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात कैक वर्षं पडून असलेलं हिरव्या बनातीचं ठाण खाली काढलं. (बनात म्हणजे घोंगडीच्या पाठची बहीण. महिना वैशाखाचा होता.)

गावात करीम मास्तर होते. सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या साहेबांचे कपडे शिवून आलेले. त्यामुळे गेवराईकरांची मापं घेताना त्यांना फार वाईट वाटायचं. माझी छाती मोजून झाल्यावर त्यांनी फीत उलटसुलट करून पाहिली, सुस्कारा सोडला आणि मला विलायतेचा इतिहास सांगायला घेतला.

"पैले उधर के नवाब लोगां बी मखमल पेनते थे, जरी पेनते थे, सर पे पावडर मारते थे. फिर एक शौकीन आदमी आया. बोला, निकालो सब! सादा कोट, लेकिन बदन पे ऐसा बैठना के चमडी शरमाना!"

"म्हंजे जरी काढली अन् शिलाई वाढवली," आप्पा म्हणाले. त्यांना विलायत एका वाक्यात समजली.

जाकिटाची शेवटची गुंडी कधी लावायची नाही, कारण त्यांच्या एका राजाचं पोट सुटलं आणि त्याचं पाहून सगळ्या मुलखानं ती सोडून दिली, असंही मास्तर म्हणाले. (पोटाच्या बाबतीत आमचे आप्पा कुठल्याही राजाला हार गेले नसते, पण त्यांच्यापायी गेवराईनं कधी काही सोडलं नाही.) शिवाय गळ्याची कॉलर वेगळी, मनगटाच्या पट्ट्या वेगळ्या, काढाव्यात आणि धुवाव्यात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ट्राय, म्हणजे अर्धवट शिवलेला कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून पाहणं! खरा कोट तीन ट्रायशिवाय होत नाही. पहिली ट्राय कच्च्या टाक्यावर.

त्या पहिल्या ट्रायला मी उभा होतो. अंगभर पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके, छातीवर खडूच्या रेघा, बाह्या नुसत्या टाचलेल्या. तेवढ्यात बीडहून माणूस आला : उद्या शुक्रवार, निजाम सरकारची सुट्टी, कोर्ट बंद, उद्याच या; शनिवारी हैदराबादवाले येणार.

"और दो ट्राय बाकी है!" मास्तर ओरडले. "लंडन में..."

"लंडनची पोरगी न्हाई करायची आमाला," आप्पा म्हणाले. "दे हाय तसा."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "तो सुनो मियाँ. हात ऊपर उठाना नक्को. झुकना नक्को. बैठना तो बिल्कुल नक्को!"

"मंग करायचं काय त्यानं?"

"जंटलमन है ना? जंटलमन कुछ नईं करता. खडा रैता!"

पहाटे मी कपाळाला भस्म आणि गळ्यात टाय अशा थाटात निघालो. वरून बनातीचा भार, म्हणून आत फक्त बिनबाह्यांची बंडी घातली होती. आई दृष्ट काढायला आली आणि खांद्याशी थबकली. "कसले दोरे लोंबायलेत बाई! त्यो मास्तर आंधळा झाला का काय?" असं म्हणून तिनं मायेनं एक दोरा ओढला. तो बराच लांब निघाला. मी किंचाळलो तेव्हा ती थांबली. पण तोवर उजवा खांदा अर्धा देवाच्या हवाली झाला होता.

बसायची बंदी, म्हणून गाडीत कडबा अंथरून मला त्यावर आडवं केलं. धूळ नको म्हणून आप्पांनी वर पांढरी चादर टाकली. सिंदफणा नदीच्या वाळूत गाडी रुतली, तेव्हा हात लावायला आलेल्या चार माणसांनी आधी मुंडाशी उतरवली.

"कोन गेलं, आप्पा?"

"कुनी न्हाई गेलं. लेकाचं लगीन जमवाय चाललोय."

एकानं चादर उचलून माझ्याकडे पाहिलं आणि मुंडासं काही परत डोक्यावर ठेवलं नाही.

बीडला वकीलसाहेब दारातच उभे होते. साक्षीदार म्हणून शेजारचे म्हातारे मुन्शीजी बोलावलेले. मी गाडीतून उतरून बैठकीत गेलो आणि खांबासारखा उभा राहिलो. मुन्शीजींनी चष्मा पुसला. "वकीलसाहेब, ये सफेद धागा काय का हाय हो?"

आता संपलं, असं मला वाटलं. पण वकीलसाहेबांना आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही असं म्हणायची सवयच नव्हती.

"मुन्शीजी, ही लंडनची नवी तऱ्हा! हैदराबादेत इंग्रज साहेबाच्या रेसिडेन्सीच्या आवारात मी प्रत्यक्ष पाहिलीय. अस्सल इंग्रजी शिवण ती, लपवायची कशाला?" आणि मग त्यांना खराच हुरूप आला. "आणि पाहा, पाया पडत नाही, बैठकीवर बसत नाही. खरा जंटलमन!"

मी सुटकेचा श्वास सोडला. (तेवढ्यानं पाठीत काहीतरी टर्रकन वाजलं.) मास्तरांनी मला वाकू नको म्हटलं होतं, बसू नको म्हटलं होतं. शेकहँडचं मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. वकीलसाहेबांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि विहिरीतून पाणी शेंदावं तसा वरखाली हलवला. एकदा, दोनदा, आणि अख्खी बाही खांद्यापासून सुटून अलगद त्यांच्या हातात आली!

मुन्शीजींनी चष्मा पुन्हा पुसला. माझा उघडा हात हवेत तसाच राहिला. माझ्या डोळ्यांपुढे पार्वती हैदराबादच्या गाडीत बसली आणि निघूनही गेली.

वकीलसाहेबांनी हातातल्या बाहीकडे पाहिलं, मग मुन्शीजींकडे पाहिलं. "उन्हाळी बाही!" ते गरजले.

"क्या?"

"इंग्रजाची कॉलर निघते की नाही? मनगट निघतं की नाही? मग बाही कावून निघनार न्हाई?" (चिडले की त्यांची बीडची भाषा बाहेर यायची.) "गरम होतंय म्हणून काढायची, थंडीत लावायची. अक्कल लागते याला!"

एवढ्यावर निभावलं असतं. पण आप्पा हाडाचे दुकानदार. माल पसंत पडतोय असं दिसलं की त्यांना राहवत नसे. "हो तर!" ते पुढे सरसावले. "आन् ही बी निघती बघा!" आणि त्यांनी माझी धडधाकट डावी बाही खसकन ओढून, वकीलसाहेबांच्या हातातल्या बाहीसकट बैठकीवर पसरून दाखवली!

"सुभानल्ला!" मुन्शीजी म्हणाले.

नेमकी त्याच वेळी पार्वती सरबताचे पेले घेऊन आली. मी भर बैठकीत कपाळावर भस्म, गळ्यात टाय आणि दोन्ही हात उघडे अशा अवस्थेत उभा. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बैठकीवरच्या बाह्यांकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. तिनं खालचा ओठ दातांखाली दाबून धरला. ते भीतीनं नव्हे, हे मला तेव्हाच कळलं.

आप्पांनी रीत म्हणून विचारलं, "शिवन येतं का गं, माय?"

"येतं," ती म्हणाली. "ह्यो कच्चा टाका हाय. आमी गोधडी शिवताना आदी असाच घालतो, मंग उसवून टाकतो."

माझी जमिनीत शिरायची तयारी होती, पण झुकायची बंदी होती! वकीलसाहेबांनी उलटतपासणी घेतल्यासारखा आवाज काढला, "म्हणजे मुलगा नापसंत?"

"तसं कुटं म्हनले मी, दादा?" पार्वतीनं वडिलांपुढं मान खाली घातली. "कापड चांगलं हाय. बेतलंय बी बरं. शिवायचं तेवढं राह्यलंय." आणि दोन्ही बाह्या उचलून काखोटीला मारून ती आत निघून गेली.

इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. मी दोन्ही हात वर करून नाचलोही असतो. आता हात वर करायला हरकत कसली होती! अंगावर उरलेला कोटही मी तिथंच ठेवला आणि बंडीवर गावी परतलो. दुसऱ्या दिवशी हैदराबादवाले आले, तर पोरगी शिवणात आहे, उठत नाही, असं सांगून तिच्या आत्यानं त्यांना सरबतावर परत पाठवलं.

लग्नात वकीलसाहेब नवाकोरा कोट घालून आले. मुद्दाम शिवून घेतलेला, अंगभर पांढरे टाके! आपण चुकलो असं म्हणण्यापेक्षा ते तसं आयुष्यभर हिंडले असते. करीम मास्तरांनी तो पाहिला आणि मांडवाच्या खांबाला धरून रडले. अक्षता टाकायला सासऱ्यांनी हात वर केला तशी त्यांची बाही अक्षतांबरोबर आमच्या डोक्यावर येऊन पडली. "उन्हाळा आहे," ते वऱ्हाडाला म्हणाले.

माझा हिरवा कोट पार्वतीनं पक्का शिवला. इतका पक्का की एवढी वर्षं झाली, टाका हललेला नाही. माझं पोट मात्र सुटलं, आणि आता त्याची एकही गुंडी लागत नाही. परवा मी आरशापुढे उभा राहून म्हणालो, "ही राजेशाही पद्धत आहे. विलायतेत असंच घालतात."

"व्हय व्हय," ती आतून म्हणाली. "कोट कवाच शिवून झाला. तुमची मातर अजून पैलीच ट्राय चालू हाय!"