चेण्याच्या चढावर ओतलेलं ऑइल

काशीगावात डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागलो तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. साठचं दशक संपत आलं होतं. बायको आणि दोन वर्षांची मुलगी रत्नागिरीकडे, थोरल्या भावाच्या घरी. डॉक्टरांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दिल्लीला नोकरीत. बंगल्यात ते एकटे आणि मागच्या खोलीत मी एकटा. दोन एकटी माणसं एका आवारात राहिली की आपोआप बोलायला लागतात, असं लोकांना वाटतं. आमचं तसं नव्हतं. गाडीत ते मागे डोळे मिटून बसायचे. संध्याकाळी दवाखाना संपला की त्यांच्या खोलीत रेडिओ लागायचा आणि माझ्या खोलीत स्टोव्ह.

बोलणं व्हायचं ते फक्त सकाळी, गाडीचं ऑइल बघताना. मी बॉनेट उघडलं की ते चहाचा कप घेऊन बाहेर यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला शिकवलं होतं. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल सगळं खाली उतरलेलं असतं, म्हणून गाडी चालू करायच्या आधी बघायचं, आणि सपाट जागेवर बघायचं. इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, परत आत घालून काढायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं की झालं. गाडी फिरवून आणल्यावर बघायची वेळ आलीच, तर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, कारण तोपर्यंत निम्मं ऑइल वरच चिकटलेलं असतं. मी पट्टी उजेडात धरायचो, ते चष्मा कपाळावर सारून वाकून बघायचे आणि म्हणायचे, ठीक आहे. मग विचारायचे, पत्र आलं का. मी सांगायचो. कप रिकामा झाला की ते आत जायचे. दिवसभरात मी माणसासारखं बोलायचो ते एवढंच.

एका संध्याकाळी बायकोचं पत्र आलं. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मोठं. सगळ्यांची खुशाली होती, आंब्याला मोहोर चांगला होता, आणि शेवटी लिहिलं होतं की मुलगी आता भावोजींना बाबा म्हणते, आम्ही सांगून बघितलं पण ऐकत नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, आंघोळ केली आणि खोलीच्या पायरीवर बसून राहिलो. बॉनेट उघडलं नाही. डॉक्टर कप घेऊन येतील आणि पत्राचं विचारतील, हे मला नको होतं. ते आलेही नाहीत. त्याआधीच फाटकातून एक माणूस धावत आला. चेणे गावाहून जंगलाच्या रस्त्याने पायी आलेला, माझ्याच वयाचा, पाय धुळीने भरलेले. तो डॉक्टरांना म्हणाला, "बायको रातीपासून अडली हाय. सुईनीला जमत न्हाय."

पाच मिनिटांत डॉक्टर बॅग घेऊन बाहेर आले. गाडीत बसताना त्यांनी विचारलं, ऑइल बघितलंस ना. मी हो म्हणालो.

तो माणूस पुढे माझ्या शेजारी बसला. गाडीत बहुतेक पहिल्यांदाच बसला असावा, कारण दोन्ही हातांनी सीट धरून होता. काशीमिरा मागे पडलं, दोन्ही बाजूंना झाडी सुरू झाली आणि माझ्या डोक्यात ते हो घोळायला लागलं. इंजिनचा आवाज वेगळा येतोय असं वाटायला लागलं. आवाज रोजचाच होता, हे आज कळतं. तेव्हा मात्र वाटलं, नेमकं आजच ऑइल कमी असलं तर इंजिन जाम होईल आणि माझं खोटं बाहेर पडेल. मला भीती वाटली ती खोटं पकडलं जाण्याची. त्या बाईच्या जिवाची नाही. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

चेण्याच्या अलीकडे चढावर मी गाडी थांबवली. डॉक्टरांना म्हणालो, पाणी तापलंय वाटतं, बघतो. बॉनेट उघडून लगेच पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली. खालच्या खुणेलाही ऑइल लागलेलं नव्हतं. गाडी चढावर तिरपी उभी होती, इंजिन तापलेलं, दहा मिनिटं सोडाच, एक मिनिटही मी थांबलो नव्हतो. सगळं माहीत असून त्या क्षणी काहीच आठवलं नाही. डिकीतला ऑइलचा डबा काढला आणि आख्खा ओतला. तो चेण्याचा माणूस खाली उतरून माझ्याशेजारी उभा राहून बघत होता.

पाव मैल गेलो असू. मागे निळा धूर दिसायला लागला. मग क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय आणि गाडी चढत नाही. जास्तीचं ऑइल सील फोडून क्लचवर आलं होतं. खरं तर इंजिनात ऑइल आधीच पुरेसं होतं. मी न थांबता तसाच गेलो असतो, तर दहा मिनिटांत चेण्याला पोचलो असतो.

डॉक्टर खाली उतरले. त्यांनी रस्त्यावरचे थेंब बघितले, वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि बॅग उचलून चालायला लागले. तो माणूस त्यांच्या पुढे. वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी बघत राहिलो. नंतर कळलं की पुढे त्यांना खडीचा ट्रक मिळाला, पण तोपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला होता.

मी गाडीच्या चाकांना दगड लावले आणि बसलो. दुपार झाली. दोन ट्रकवाल्यांनी थांबून विचारलं, मदद चाहिए क्या. मी नको म्हणालो. भूक नव्हती. माकडं टपावर येऊन बसली, मी हाकललीसुद्धा नाहीत. मुलगी मला काय म्हणून हाक मारेल, हा विचार त्या दिवशी परत आला नाही.

ऊन कलल्यावर डॉक्टर परत आले, चालत. शर्टाच्या बाह्या ओल्या होत्या. माझ्या शेजारी दगडावर बसले आणि म्हणाले, "बाई वाचली. मूल नाही."

मी म्हणालो, "साहेब, मी सकाळी ऑइल बघितलं नव्हतं."

"कळलं मला ते." बाही पिळत ते म्हणाले, "मूल आधीच गेलेलं होतं. आपण निघालो त्याच्याही आधी."

एका ट्रकला दोर बांधून आम्ही गाडी नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत आणली. त्यांनी ना नोकरीवरून काढलं, ना पुन्हा कधी त्या दिवसाचा विषय काढला. फक्त सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर येणं बंद झालं. गुडघे दुखत होते म्हणून असेल. मी विचारलं नाही. पुढची चार वर्षं मी रोज सकाळी, थंड इंजिनात, सपाट अंगणात पट्टी काढायचो आणि एकटाच उजेडात धरून बघायचो. पत्र आलं का, हे विचारणारं कोणी राहिलं नाही.

तो चेण्याचा माणूस वर्षभराने काशीमिऱ्याच्या नाक्यावर भेटला. त्याने मला ओळखलं. बायको बरी आहे म्हणाला, पुन्हा दिवस गेलेत म्हणाला. मी त्याला सांगणार होतो की गाडी बिघडली नव्हती, मी बिघडवली. तोंडही उघडलं. त्याने माझ्या हातात चार कारली दिली आणि म्हणाला, "तुमी आलाव, ह्येच लय झाला." मी कारली घेतली. घरी नेऊन शिजवली आणि खाल्लीसुद्धा.

सत्तरनंतर दोन-तीन वर्षांनी डॉक्टर कायमचे मुलाकडे निघाले. भाईंदर स्टेशनवर त्यांना सोडताना, सामान उतरवून झाल्यावर, मी विचारलं की ते मूल खरंच आधीच गेलं होतं का. त्यांनी चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, तू आता बायको-मुलीला इकडे घेऊन ये. आणि हमालाच्या मागे निघून गेले.

मी दोघींना घेऊन आलो. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. पहिले काही महिने ती मला काहीच हाक मारायची नाही, नुसती समोर येऊन उभी राहायची. मग हाक मारायला लागली. बायकोला मी चेण्याची गोष्ट कधी सांगितली नाही. एकदा ठाण्याला जाताना आमची बस त्या चढावरून गेली. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. मी तिला उठवलं नाही.